एका छपराखाली चार बिऱ्हाडे

आमच्या वाईच्या वाड्याच्या माजघरात एक भिंत आहे. वाडा ज्याने बांधला त्याने ती बांधलेली नाही. आजोबा वारल्यावर वडील आणि दोघे काका यांच्या वाटण्या झाल्या, त्या वर्षी ती उभी राहिली. देवघर थोरल्या काकांकडे गेले, आड धाकट्या काकांकडे गेला आणि आमच्या वाट्याला स्वयंपाकघर आले. म्हणजे देव एकाचे, पाणी दुसऱ्याचे आणि चूल तिसऱ्याची! भिंत चढत होती तेव्हा आजी एका शब्दाने काही बोलली नाही. फक्त गवंड्याला म्हणाली, "इथं हातभर जागा सोड रे बाबा." त्याला वाटले, म्हातारीला कोनाडा हवा असेल. पण तिने ती जागा आरपार ठेवायला लावली. पुढे ती होती तोवर दर दिवाळीला फराळाची ताटे त्या भोकातून इकडची तिकडे होत असत. मोठी माणसे बोलत नसत. चकल्या मात्र जात-येत असत.

यंदा मे महिन्याच्या सुट्टीत मी धाकट्या बहिणीकडे एडिंबरोला जायला निघालो, त्याच्या आदल्या दिवशी चुलतभाऊ एक लिफाफा घेऊन घरी आला. वाड्याला बिल्डरकडून मागणी आली होती. तिन्ही घरांच्या सह्या हव्या होत्या. "दादा, घाई नाही, परत आलास की दे," असे म्हणून तो चहा घेऊन गेला. लिफाफा मी बॅगेच्या तळाशी ठेवला. काही कागद जागचे हलले नाहीत तरी प्रवासभर त्यांचे वजन जाणवत राहते; त्यातलाच हा एक.

आता मराठीच्या प्राध्यापकाला स्कॉटलंडचे काय एवढे अगत्य, असे वाचक विचारतील. त्याला उत्तर आहे. माझ्या टेबलावर मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश असतो. त्याच्या १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तीच्या आरंभी मराठी भाषेविषयी एक निबंध आहे. तो लिहिणारे डॉ. जॉन विल्सन हे स्कॉटलंडमधल्या लॉडर नावाच्या गावचे. एडिंबरोच्या विद्यापीठात ते शिकले आणि १८२९ मध्ये मुंबईस आले. चौपाटीवरचे विल्सन कॉलेज त्यांच्याच नावाचे. तेव्हा त्यांचे शहर पाहावे, एवढा माफक हेतू मनात होता. पण शहर राहिले बाजूला आणि मी अडकलो एका चर्चमध्ये.

पोहोचल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळपासून पाऊस लागला होता. मी खिडकीशी बसून तो थांबायची वाट पाहत होतो. बहीण म्हणाली, "दादा, इथला पाऊस थांबायची वाट पाहिलीस तर तुझी सुट्टी संपेल. ऊठ." दहा वर्षांचा भाचा छत्री न घेताच पुढे झाला. तो तिथलाच झाला आहे.

एडिंबरोची जुनी वस्ती एका टेकडीच्या कण्यावर वसली आहे. पश्चिमेच्या टोकाला उंचावर किल्ला, पूर्वेच्या टोकाला पायथ्याशी होलिरूडचा राजवाडा, आणि दोहोंना जोडणारा एकच उतरता रस्ता. या रस्त्यावर सेंट जाइल्सचे चर्च उभे आहे. लोक त्याला सरसकट कथीड्रल म्हणतात, पण हे नाव मानाचे आहे, हक्काचे नाही. कथीड्रल म्हणजे बिशपची गादी जिथे असते ते चर्च. आणि स्कॉटलंडच्या राष्ट्रीय चर्चमध्ये बिशप हा प्रकारच नाही. सतराव्या शतकात थोडी थोडी वर्षे दोनदा ते होते, एवढेच. एरवी सेंट जाइल्स म्हणजे एक पॅरिश चर्च. पॅरिश म्हणजे आपल्याकडची पेठ समजा. पेठेतल्या लोकांची बारशी, लग्ने, मर्तिके आणि रविवारची प्रार्थना जिथे व्हायची ते हे पेठेचे देवालय.

दुरून प्रथम दिसतो तो मुकुट. चौकोनी मनोऱ्याच्या माथ्यावर चार कोपऱ्यांतून चार आणि चार बाजूंच्या मध्यातून चार अशा आठ दगडी कमानी अधांतरी निघतात, मधोमध एकत्र येतात आणि आपल्या खांद्यांवर एक लहानसा कळस तोलून धरतात. खाली आधार नाही, मध्ये खांब नाही. एकमेकींना रेटून उभ्या राहिलेल्या आठ कमानी. हे काम इसवी सन १५०० च्या सुमाराचे. १६४८ मध्ये जॉन माइल्न नावाच्या गवंड्याने त्याची दुरुस्ती केली, त्यानंतर तो मुकुट ऊनपाऊस झेलीत तसाच आहे. आठांपैकी एक जरी काढली तर काय होईल, असे मी भाच्याला विचारले. तो म्हणाला, "मामा, काढायचीच कशाला?"

मूळ चर्च ११२४ च्या सुमारास, पहिल्या डेव्हिड राजाच्या काळात स्थापन झाले असे मानतात. आज दिसते ती इमारत मुख्यतः चौदाव्या ते सोळाव्या शतकाच्या आरंभापर्यंतची. आराखडा क्रुसाचा: पूर्वपश्चिम लांब सभामंडप, दक्षिणोत्तर दोन हात, आणि हे जिथे एकमेकांना छेदतात तिथे मनोऱ्याचा भार घेणारे चार प्रचंड अष्टकोनी खांब. कमानी टोकदार, गॉथिक धर्तीच्या. छताला दगडी फासळ्या. आत पाऊल टाकले की उंची प्रथम जाणवते, थंडी नंतर.

पण हा सरळसोट क्रूस फार दिवस टिकला नाही. घरात माणसे वाढली की आपण जशी मागे एक पडवी काढतो, पुढे एक सोपा काढतो, तशी गावातली मातबर घराणी आणि व्यापाऱ्यांच्या जमाती या चर्चला आपापल्या ओवऱ्या जोडीत गेल्या. सर विल्यम प्रेस्टन याने सेंट जाइल्सच्या हाताचे हाड आणून दिले. त्याच्या स्मरणार्थ गावाने दक्षिणेस एक ओवरी बांधली. वॉल्टर चेपमन याने एक बांधली. या चेपमनपुढे मी क्षणभर थांबलो. ॲन्ड्रो मिलर या जोडीदाराबरोबर त्याने स्कॉटलंडातला पहिला छापखाना काढला, आणि १५०८ मध्ये त्यातून पुस्तके बाहेर पडली. छापील अक्षरावर पोट भरणाऱ्या माणसाने तिथे टोपी काढणे प्राप्तच होते. सोळाव्या शतकाच्या मध्यापर्यंत या एका छपराखाली पन्नासच्या आसपास वेद्या झाल्या होत्या. ज्याचा त्याचा संत, ज्याची त्याची वेदी, आणि ज्याचा त्याचा पुजारी.

मग एकाएकी सगळेच फिरले. युरोपात धर्मसुधारणेचे वारे सुटले होते, ते स्कॉटलंडात पोहोचले. १५५८ मध्ये जमावाने सेंट जाइल्सची मूर्ती उचलली, शहराच्या उत्तरेच्या तळ्यात बुडविली आणि पुन्हा बाहेर काढून जाळली. हे तळे पुढे आटविण्यात आले. मी ज्या वेव्हर्ली स्टेशनावर उतरलो ते त्याच खोलगटात आहे. १५५९ मध्ये जॉन नॉक्स हा सुधारकांचा पुढारी याच चर्चमध्ये प्रवचनाला उभा राहिला आणि १५६० मध्ये स्कॉटलंडच्या पार्लमेंटाने पोपची सत्ता झुगारून दिली. वेद्या गेल्या. रंगीत भिंतींवर चुना फिरला.

आणि इथून पुढे माझ्या ओळखीची गोष्ट सुरू झाली.

नव्या पंथात पूजेपेक्षा प्रवचन महत्त्वाचे. म्हणजे धर्मोपदेशक दिसला पाहिजे आणि त्याचा शब्द न् शब्द ऐकू आला पाहिजे. खांबांच्या या जंगलात ते कसे व्हावे? त्यात गाव वाढत चाललेले. तेव्हा कारभाऱ्यांनी व्यवहारी तोड काढली: भिंती घाला आणि एका चर्चची अनेक करा! सतराव्या शतकापासून पुढे दोन-एक शतके सेंट जाइल्सच्या पोटात चार स्वतंत्र चर्चे नांदत होती. पूर्वेला हाय कर्क, मध्ये ओल्ड कर्क, नैर्ऋत्येला टॉलबूथ कर्क आणि वायव्येला न्यू नॉर्थ. (कर्क म्हणजे स्कॉट बोलीत चर्च, आपल्या राशीतल्या कर्केशी त्याचा संबंध नाही.) प्रत्येकाचा पाद्री वेगळा, मंडळी वेगळी. छप्पर तेवढे एक.

शिवाय उरलेल्या कोपऱ्यांतून भाडेकरूही होते. पश्चिमेच्या अंगाला काही काळ न्यायकचेरी भरत असे. उत्तरेच्या दारावरच्या खोलीत कैदी ठेवीत. १६४४ मध्ये सर जॉन गॉर्डन ऑफ हॅडो या राजनिष्ठ सरदाराला तिथे डांबले आणि पुढे त्याचा शिरच्छेद केला. तेव्हापासून शेजारच्या न्यू नॉर्थ चर्चला लोक 'हॅडोचे बीळ' म्हणू लागले. देवाच्या घराचे असे नाव पडल्याचे दुसरे उदाहरण मला ठाऊक नाही. आणखी पुढे नगरपालिकेच्या चिटणिसाची कचेरी आणि पोलीस-कचेरीसुद्धा या इमारतीत येऊन बसल्या.

बाहेरची तऱ्हा वेगळीच. भिंतीच्या टेकूंमधल्या सांदीत छोट्या छोट्या टपऱ्या, आणि उत्तरेला रस्त्यातच उभी केलेली उंच घरे व दुकाने. पुण्याच्या तुळशीबागेत बांगड्या, भातुकली आणि पितळी समया यांच्या गर्दीतून रामाचे देऊळ शोधावे लागते, तसे इथे चर्च शोधावे लागत असेल. या दुकानांच्या रांगेतच ॲलन रॅम्से या कवीचे पुस्तकांचे दुकान होते, आणि तिथून १७२५ च्या सुमारास तो वर्गणी घेऊन पुस्तके घरी वाचायला देऊ लागला. ब्रिटनमधले अशा प्रकारचे पहिले वाचनालय ते हेच असे म्हणतात.

आत एक वयस्क स्वयंसेविका प्रवाशांना माहिती सांगत होत्या. मी त्यांना विचारले, "भिंती नेमक्या कुठे होत्या?" त्यांनी छत्रीच्या टोकाने हवेत रेघा ओढल्या: "इथून इथे एक. तिथून तिथे दुसरी." रिकाम्या हवेतल्या त्या रेघा मला लख्ख दिसल्या. आमच्या माजघरातली भिंत मी डोळे मिटूनही दाखवू शकतो.

"मामा, मग भिंती पाडल्या कुणी?" भाच्याने विचारले.

पाडल्या दोनदा, आणि त्या दोन वेळांतला फरक हीच या चर्चची खरी कथा आहे.

पहिल्यांदा पाडली ती राजाने. १६३३ मध्ये पहिला चार्ल्स एडिंबरोला आला. स्कॉटलंडचे चर्च इंग्लंडच्या वळणावर आणायचे त्याने मनात घेतले होते. त्याने एडिंबरोसाठी बिशप नेमला, सेंट जाइल्सला कथीड्रल ठरविले आणि हुकूम काढला की मधली भिंत पाडा. भिंत पडली. तिच्या आडोशाला बसणारी मंडळी कुठे बसतील, हा प्रश्न राजाला पडत नाही. मग १६३७ च्या जुलैच्या २३ तारखेस राजाने पाठविलेली नवी प्रार्थनापोथी इथे प्रथमच वाचली जाऊ लागली. बाके नव्हती, बाया घरून बसायला तिवया आणीत. पोथीचे वाचन सुरू होताच जेनी गेडिस नावाच्या भाजीवालीने आपली तिवई उचलून वाचणाऱ्याच्या अंगावर भिरकावली, अशी परंपरागत कथा आहे. जेनी खरी की लोकांनी रचलेली यावर पंडितांनी वाद घालावा. दंगल खरीच झाली. पुढच्या वर्षी देशभर प्रतिज्ञापत्रावर सह्या झाल्या, बिशपांना रजा मिळाली, लढाया पेटल्या, आणि अखेर १६४९ मध्ये खुद्द राजाचे शिर गेले. पण त्याच्या कितीतरी आधी, १६३९ मध्ये, एक काम गावाने मुकाट्याने उरकून घेतले होते. पाडलेली भिंत त्यांनी पुन्हा बांधली.

ते ऐकून मला हसू आले आणि लगेच ते मावळलेही. आमच्याकडेही एकदा कुणा वडीलधाऱ्याने रागाच्या भरात "पाडा ती भिंत!" असे फर्मान सोडले होते. दुसऱ्या दिवशी तिन्ही घरांनी आपापल्या बाजूने तिला चुना लावून घेतला.

दुसऱ्यांदा भिंती हलायला दोनशे वर्षे जावी लागली. मध्यंतरी शहराने नवे रूप घेतले. १८१७ पर्यंत चर्चला वेढून बसलेली दुकाने आणि शेजारचा जुना तुरुंग पाडण्यात आला. तुरुंगाच्या जागी रस्त्यातल्या दगडांत एक हृदयाची आकृती बसविली आहे. जाणारे-येणारे तिच्यावर थुंकतात. पूर्वी ते तुरुंगावर राग म्हणून, आता शुभशकुन म्हणून. शेजार हटला तेव्हा चर्च प्रथमच उघडे पडले आणि लोकांना दिसले की त्याच्या भिंती झिजलेल्या, बाहेर कललेल्या आहेत. १८२९ ते १८३३ या काळात विल्यम बर्न या वास्तुशिल्पकाराने त्याची डागडुजी केली. त्याने जुन्या दगडावर गुळगुळीत घडीव दगडाचा नवा अंगरखा चढविला आणि आराखड्यात न बसणाऱ्या काही ओवऱ्या सरळ काढून टाकल्या. इमारत वाचली, पण तिच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या गेल्या. आज बाहेरून खरा जुना दगड पाहायचा तर मनोऱ्याकडेच पाहावे लागते. आतल्या भिंती मात्र त्यानेही ठेवल्या. चाराच्या तीन झाल्या, एवढेच.

त्या निघाल्या त्या विल्यम चेंबर्सच्या खटपटीने. हा पीबल्स गावचा मुलगा. रिकाम्या खिशाने एडिंबरोला आला आणि पुस्तके विकू लागला. १८३२ मध्ये त्याने दीड पेनी किमतीचे एक साप्ताहिक काढले आणि ते अफाट खपले. साप्ताहिक काढून माणूस श्रीमंत होऊ शकतो, याचे हे दुर्मिळ उदाहरण संपादकमहाशयांनी कृपया नजरेखालून घालावे! पुढे भावाबरोबर त्याने विश्वकोश काढला आणि १८६५ ते १८६९ या काळात तो शहराचा नगराध्यक्ष झाला. सेंट जाइल्सच्या भिंती काढून ते पुन्हा एकसंध करायचे, हा ध्यास त्याने घेतला. त्याच्याजवळ राजाचा हुकूम नव्हता. होती ती चिकाटी. विल्यम हे या वास्तुशिल्पकाराच्या साहाय्याने १८७२ मध्ये काम सुरू झाले ते तीन टप्प्यांनी अकरा वर्षे चालले. सुरुवातीला वर्गणी, पुढे बहुतेक खर्च स्वतःच्या खिशातून. आतल्या मंडळींची एकेक करून समजूत काढायची, त्यांना दुसरीकडे जागा मिळेल अशी व्यवस्था करायची, आणि मग भिंतीला हात लावायचा. जमिनीखाली पिढ्यान्पिढ्यांची हाडे निघाली. ती गोळा करून ग्रेफ्रायर्सच्या दफनभूमीत पुन्हा पुरली.

१८८३ च्या मे महिन्याच्या २३ तारखेला एकसंध चर्च थाटाने उघडायचे ठरले. चेंबर्स २० तारखेला वारला. तीन दिवसांनी लोकांनी पूर्वेच्या टोकापासून पश्चिमेच्या दारापर्यंत सरळ नजर टाकली. सगळी लांबी एका दृष्टिक्षेपात पाहण्याचे भाग्य कित्येक पिढ्यांना लाभले नव्हते, आणि ज्याने ते घडविले तो तेवढा हजर नव्हता.

पण मला राहून राहून वाटत होते ते निराळेच. जी बिऱ्हाडे उठली ती गेली कुठे?

बहीण म्हणाली, "चालत दाखवते. लांब नाही."

रस्ता उतरून दहा मिनिटे गेलो, तर ट्रॉन कर्क. चार्ल्सने सेंट जाइल्समधली मंडळी उठविली, त्यांच्यासाठी १६३६ ते १६४७ मध्ये हे बांधले. बांधणारा तोच मुकुट दुरुस्त करणारा जॉन माइल्न. ट्रॉन म्हणजे बाजारातला सार्वजनिक तराजू. तो तिथे होता म्हणून हे नाव. याच्या नशिबी आले ते पाहा. १७८५ नंतर नव्या रस्त्यांना जागा हवी म्हणून त्याच्या दोन्ही बाजू छाटल्या. १८२४ च्या मोठ्या आगीत शिखर जळाले. १८२८ मध्ये नवे बांधले. वस्ती पांगत गेली आणि १९५२ मध्ये मंडळी हे घर सोडून उपनगरात गेली. मग कित्येक वर्षे ते नुसते पडून होते. १९७४ मध्ये आत खणले तेव्हा चर्चच्याही आधीची एक गल्ली, तिच्या घरांच्या पायांसकट, जमिनीखाली सापडली. पुढे कधी प्रदर्शन, कधी प्रवाशांचे माहितीकेंद्र, कधी बाजार, असे त्याचे चालत आले. वरचे लाकडी छप्पर मात्र अजून पाहण्यासारखे आहे.

उलट चढून किल्ल्याकडे गेलो, तर उंच शिखर असलेली एक इमारत. १८४४ मध्ये पुरी झालेली ही वास्तू टॉलबूथ कर्कच्या मंडळींचे नवे घर झाली, आणि चर्चची राष्ट्रीय सभाही तिथे भरू लागली. आज तिथे प्रार्थना होत नाही. १९९९ पासून ती एडिंबरोच्या आंतरराष्ट्रीय महोत्सवाची कचेरी आहे. तिला 'हब' म्हणतात. गाणे, नाटक, मेजवान्या, लग्नाचे समारंभ सर्व काही तिथे होते.

आणि सर्वांत मोठी वाटणी झाली ती १८४३ साली. पेठेचा धर्मोपदेशक कुणी नेमायचा, मंडळींनी की जमीनदाराने, या वादावरून चर्चच दुभंगले. मे महिन्याच्या १८ तारखेला सकाळी सेंट जाइल्समध्ये सभेच्या मावळत्या अध्यक्षाचे प्रवचन झाले. दुपारी दुसऱ्या चर्चमध्ये सभा भरली आणि तीतून तो उठून बाहेर पडला. चारशेंहून अधिक पाद्री घरदार आणि वेतन सोडून त्याच्या बाजूला गेले. आमचे डॉ. विल्सनही त्यांच्याच पक्षाचे. तेव्हा मुंबईतल्या स्कॉटिश मिशनच्या शाळेच्याही दोन शाखा झाल्या. चौपाटीवरची इमारत १८८९ ची, म्हणजे विल्सन यांच्या मृत्यूनंतर चौदा वर्षांची. पण तिच्या मुळाशी ही वाटणी आहे. एडिंबरोत पडलेली भीक अशी थेट गिरगावापर्यंत पोहोचली होती, हे विल्सन कॉलेजच्या पायऱ्या चढताना मला कधी सुचले नव्हते. फुटलेले हे दोन पक्ष, बहुतांशाने, पुन्हा एक झाले ते १९२९ मध्ये.

परत सेंट जाइल्समध्ये आलो तेव्हा संध्याकाळ झाली होती. कुणी वाद्याचा सराव करीत होते. पूर्वी जी मुख्य जागा पूर्वेच्या टोकाला होती, ती गेल्या शतकाच्या अखेरीस झालेल्या दुरुस्तीत मधोमध, मनोऱ्याच्या चार खांबांमध्ये आणली आहे. आता माणसे चारी बाजूंनी तिच्याकडे तोंड करून बसतात. भिंती होत्या तेव्हा जे चार कोपरे एकमेकांना पाठ देऊन होते, त्यांना आता एकमेकांचे चेहरे दिसतात.

रविवारी अजून इथे पेठेची प्रार्थना होते. एरवी वर्षाला दहा लाखांहून अधिक प्रवासी येऊन जातात. सगळे काही भाविक नसतात. कुणी १९११ मध्ये रॉबर्ट लॉरिमरने बांधलेल्या थिसल चॅपेलमधला बॅगपाइप वाजविणारा लाकडी देवदूत शोधतो. कुणी पश्चिमेच्या खिडकीत कवी बर्न्सच्या स्मरणार्थ बसविलेल्या रंगीत काचा पाहतो. मी रॉबर्ट लुई स्टीव्हनसनच्या ब्राँझच्या प्रतिमेसमोर रेंगाळलो. मूळ शिल्पात या लेखकाच्या हाती सिगारेट होती. चर्चमध्ये ते बरे दिसेना म्हणून इथे तिची लेखणी केली आहे! आत ७८व्या हायलँडर पलटणीचे स्मारक आहे. सिंधू नदीच्या काठी १८४४-४५ मध्ये साथीने मेलेले शिपाई, त्यांच्या बायका आणि मुले यांचे ते. हीच पलटण १८०३ मध्ये असईच्या रणात शिंदे-भोसल्यांच्या फौजेसमोर उभी होती. दगडावर बायकामुलांचा उल्लेख वाचला आणि जुने वैर आठवेनासे झाले. बाहेर मागच्या अंगणात मोटारी उभ्या राहतात. त्यांतल्या तेविसाव्या जागेखाली जॉन नॉक्स पुरलेला आहे असे सांगतात. २०२२ च्या सप्टेंबरात एलिझाबेथ राणीची शवपेटी एक दिवस इथे ठेवली होती तेव्हा लोक रात्रभर रांगेत उभे होते.

बहीण म्हणाली, "दादा, इथं देशभर चर्चेस विकायला काढतायत. माणसं येत नाहीत, खर्च परवडत नाही. कुठं घरं झाली, कुठं हॉटेलं."

"वाईट वाटतं?"

"पडून राहिलेलं बघितलं की वाटतं. कुणी वापरायला लागलं की नाही वाटत." थोडे थांबून ती म्हणाली, "कागद आणलायस ना तू? आई बोलली मला फोनवर."

तेव्हा त्या लाकडी बाकावर बसून मी तिला लिफाफा दाखविला. तिने तो वाचला आणि बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "यात तीन सह्यांची जागा आहे. पण तिघांनी एकत्र बसून कधी बोलायचं, ते नाही लिहिलेलं."

मी परत आलो. चुलतभावाला सांगितले की सही करणार नाही असे नाही, पण आधी तिन्ही घरांनी एकदा वाड्यात बसू या. कोण कुठे राहणार, कुणाला काय हवे, वाडा ठेवायचा तर खर्च कोण करणार आणि त्याचा उपयोग काय, हे सगळे बोलू या. मग पाडायचा तर पाडू, ठेवायचा तर ठेवू. तो जरा गप्प राहिला आणि म्हणाला, "दादा, दिवाळीत जमेल. पण राहायचं कुठं? आमच्या बाजूचं छप्पर गळतं."

म्हटले, "आमच्या बाजूला या."

म्हणून या दिवाळीला आम्ही वाईला जात आहोत. वाड्याचे काय होणार ते मला ठाऊक नाही. भिंत अजून आहे. गेल्या रविवारी मी एकटाच साफसफाईला गेलो होतो. आजीच्या त्या भोकात कुणीतरी वर्तमानपत्राचे बोळे कोंबून ठेवले होते, माझ्या बाजूने आणि पलीकडूनही. माझ्या बाजूचे मी काढले. हात घालून पाहिला तर पलीकडचेही कुणीतरी आधीच काढलेले होते.